वाचकांचे प्रश्न : बेसबॉलची जुनी कार्डे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांकडून, आणि इकडे राहणाऱ्या त्यांच्या आईवडिलांकडूनही, बेसबॉलच्या जुन्या कार्डांविषयी बरीच पत्रे आली आहेत. पूर्वी सिगारेटच्या पाकिटातून आणि नंतर च्युइंगगमच्या पुडीतून ही पुठ्ठ्याची कार्डे मिळत असत. त्यांच्या एका बाजूला खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला जाहिरात किंवा त्याची कामगिरी छापलेली असे. त्यांपैकी काहींना आज घराएवढी किंमत येते, तर बहुतेकांना चहाच्या कपाएवढीही येत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी घेतलेल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात बेसबॉलची कार्डे सापडली. त्यांत मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचे टॉप्स कंपनीचे 1952 सालचे कार्ड आहे. शेजारी म्हणतात की ते लाखो डॉलरना जाईल. ते खरे आहे की नक्कल, हे घरच्या घरी कसे ओळखावे? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आधी मोजपट्टी घ्यावी, भिंगाचे काम नंतर. टॉप्सची 1952 सालची कार्डे 2⅝ इंच रुंद आणि पावणेचार इंच उंच होती. अडीच इंच बाय साडेतीन इंच हे आज सर्वत्र दिसणारे माप कंपनीने 1957 साली स्वीकारले. आपले कार्ड या लहान मापाचे असेल तर ते 1952 चे मूळ कार्ड नव्हे. टॉप्सनेच 1983 साली त्या संचाचे फेरमुद्रण काढले होते आणि त्यातील मँटल अनेक घरांत आजही मूळ म्हणून जपून ठेवलेला आढळतो. माप बरोबर निघाले तरी निःशंक होऊ नये, कारण मूळ मापाच्या नकलाही पुष्कळ आहेत. त्यानंतर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून नावाची काळी अक्षरे आणि चौकटीच्या रेघा पाहाव्यात. मूळ कार्डावर त्या एकसंध काळ्या शाईत उमटलेल्या असतात. नक्कल बहुधा मूळ कार्डाचे छायाचित्र घेऊन केलेली असल्याने तिच्यात अक्षरेसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. अतिनील दिव्याची चाचणी अनेकजण सुचवतात. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायने मिसळण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ होत गेली, त्यामुळे युद्धापूर्वीचे म्हणून दाखवलेले कार्ड त्या दिव्याखाली लखलखले तर ते खोटे समजावे. 1952 च्या कार्डाबाबत मात्र केवळ या चाचणीवर विसंबू नये.

आता किमतीविषयी. हे मँटल यांचे पहिले कार्ड आहे असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे नाही. त्यांचे पहिले कार्ड बोमन कंपनीने 1951 साली काढले होते आणि त्याचा क्रमांक 253 होता. शिवाय टॉप्सच्या 1952 च्या संचात मँटल यांचा क्रमांक 311 असून, तुकड्यातुकड्यांनी निघालेल्या या संचाच्या शेवटच्या तुकडीच्या छपाई-तावावर त्यांचे चित्र दोनदा बसवलेले होते. म्हणजे त्या तुकडीतील बहुतेक अनामिक खेळाडूंपेक्षा मँटलची कार्डे अधिक छापली गेली. तरीही ती महाग का, याचे उत्तर त्या तुकडीच्या नशिबात आहे. एकूण 407 कार्डांच्या या संचातील 311 ते 407 ही कार्डे बेसबॉलचा हंगाम सरत आला असताना दुकानांत पोहोचली, तोवर मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते आणि दुकानदारांनी ती घेतली नाहीत. हा संच आखणारे साय बर्जर यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, उरलेली खोकी अनेक वर्षे गोदामात अडगळ होऊन राहिली. जत्रांमध्ये कवडीमोलाने देऊनही ती संपेनात, तेव्हा 1960 साली ती तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात टाकून देण्यात आली.

उरलेल्यांपैकी एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले. शेजाऱ्यांनी ही बातमी वाचली असावी. कार्डाची स्थिती पाहून तज्ज्ञ कंपन्या त्याला दहापैकी अंक देतात, त्याला श्रेणी म्हणतात. त्या कार्डाला दहापैकी साडेनऊ श्रेणी होती, कारण ते कोणत्याही मुलाच्या हातात न पडता राहिले होते. 1991 साली तेच कार्ड 50 हजार डॉलरना घेतले गेले होते. बुटांच्या खोक्यात पडलेल्या कार्डाची श्रेणी तेवढी असण्याची शक्यता फार कमी असते. तथापि कोपरे गोल झालेले, मधून दुमडलेले मूळ मँटलही दहा हजारांच्या पटीत जाते, म्हणून परीक्षा करून घेणे योग्यच ठरेल. तोपर्यंत कार्ड पुसू नये, खोडरबर लावू नये, दुमड सरळ करण्यासाठी पुस्तकाखाली दाबू नये आणि कोणाला ‘नुसते दाखवायला’ देऊ नये. त्याच खोक्यात 312 क्रमांक शोधावा, तो जॅकी रॉबिन्सन यांचा आहे. आणि घराच्या खरेदीखतात मागे राहिलेल्या वस्तूंविषयी काय लिहिले आहे, हे विक्रीपूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावे. आधीच्या मालकाच्या नातवाला वर्तमानपत्रातून ही बातमी कळणे कोणाच्याच हिताचे नाही.

प्रश्न : मुलाकडे गेलो असता होनस वॅग्नर यांच्या कार्डाविषयी ऐकले. सिगारेटच्या पाकिटातील कागदाच्या तुकड्याला सत्तर लाख डॉलर मिळतात यावर विश्वास बसत नाही. त्यामागील खरी गोष्ट काय आहे? (पुणे)

उत्तर : रक्कम खरी आहे. ऑगस्ट 2022 मध्ये या कार्डाची एक प्रत, तीही दहापैकी केवळ दोन श्रेणीची, 72 लाख 50 हजार डॉलरना खासगी व्यवहारात गेली. गोष्टीबाबत मात्र थोडे सावध राहायला हवे.

अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात आपल्या सोळा ब्रँडांच्या पाकिटांतून खेळाडूंची पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे वाटली. आज हा संच ‘टी 206’ या नावाने ओळखला जातो. हे नाव कंपनीचे नव्हे. सिरॅक्यूजचे कामगार-संग्राहक जेफर्सन बर्डिक यांनी अमेरिकेतील छापील कार्डांची सूची तयार करताना दिलेला हा क्रमांक आहे. वॅग्नर हे पिट्सबर्ग संघाचे शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षणातील एक जागा) होते, फलंदाजीत आठ वेळा लीगमध्ये अव्वल ठरले होते आणि 1936 साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवडलेल्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी एक होते. त्यांचे कार्ड छापायला घेतल्यावर लवकरच थांबवले गेले, त्यामुळे आज त्याच्या साधारण पन्नास ते साठ प्रतीच ज्ञात आहेत.

छपाई का थांबली, याच्या दोन कथा सांगतात. पहिल्या कथेप्रमाणे मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेट विकत घ्याव्यात हे वॅग्नर यांना मान्य नव्हते. दुसरीप्रमाणे कंपनी पैसे देत नाही म्हणून ते चिडले. पहिली कथा अधिक गोड असल्याने अधिक सांगितली जाते. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असत, तेव्हा त्यांना तंबाखूचाच तिटकारा होता असे म्हणता येत नाही. पण आपण तंबाखू खाणे आणि पोरांच्या हाती सिगारेट देणे यात फरक करणारी माणसे आपल्याकडेही कमी नाहीत. त्या काळी छापून आलेली हकिकत अशी की, वॅग्नर यांची परवानगी मिळवून दिल्यास कंपनी एका क्रीडा-वार्ताहराला दहा डॉलर देणार होती. वॅग्नर यांनी नकार दिला आणि त्या वार्ताहराचे नुकसान होऊ नये म्हणून स्वतःचा दहा डॉलरचा धनादेश त्याला पाठवून दिला. ही हकिकत खरी असेल तर पैशाची कथा लंगडी पडते, आणि माझा कल पहिल्या कथेकडे आहे.

याच संचातील एडी प्लँक यांचे कार्डही फार दुर्मीळ आहे, पण त्याची किंमत वॅग्नरच्या जवळपासही नाही. दुर्मीळता, खेळाडूची थोरवी आणि सांगण्यासारखी कथा या तिन्ही गोष्टी एका कार्डात क्वचितच येतात. वॅग्नरच्या कार्डाची कीर्तीही त्याच्या एका प्रतीने वाढवली. आइस हॉकीचे महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की यांनी भागीदारीत 1991 साली एक वॅग्नर 4 लाख 51 हजार डॉलरना घेतला. पीएसए या तेव्हा नव्या असलेल्या श्रेणीकरण कंपनीने आपल्या नोंदीतील पहिला क्रमांक याच कार्डाला दिला आणि आठ श्रेणी ठरवली. 2007 साली ते 28 लाख डॉलरना गेले. पुढे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी 2013 साली न्यायालयात कबूल केले की, ते विकण्यापूर्वी त्यांनी त्याच्या कडा कापल्या होत्या. नियमाप्रमाणे कडा कापलेल्या कार्डाला श्रेणीच मिळत नाही. तरीही श्रेणी दिलेले कार्ड ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत ठेवतात, तिच्यावरील आठ हा आकडा त्या कार्डाला कायमचा चिकटला. पुढील एका उत्तरात या आकड्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

बर्डिक यांनी मात्र तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा आपला संग्रह, वॅग्नरसकट, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. संधिवाताने वाकलेल्या हातांनी ते अनेक वर्षे तेथे जाऊन कार्डे वह्यांमध्ये चिकटवत राहिले. जानेवारी 1963 मध्ये ते काम संपले आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. कार्डे वहीत चिकटवणे आजच्या संग्राहकाच्या अंगावर काटा आणते, पण त्यांतील एकही कार्ड त्यामुळे बाजारात आलेले नाही, हेही खरे.

प्रश्न : गॅरेज सेलमध्ये 1987 ते 1991 या वर्षांचे पूर्ण संच, न उघडलेल्या खोक्यांसह, स्वस्तात मिळाले. ते मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावेत का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : राखून ठेवू नयेत. 1980 च्या दशकात जुन्या कार्डांचे भाव चढलेले पाहून लाखो लोकांनी नवी कार्डे खोक्यांनी घेऊन ठेवली आणि कंपन्यांनी ती मागणी पुरवण्यासाठी बेसुमार छपाई केली. मँटलची कार्डे आयांनी फेकून दिली म्हणून ती महाग झाली. 1990 ची कार्डे कोणीच फेकली नाहीत. केन ग्रिफी ज्युनियर यांचे अपर डेक कंपनीचे 1989 सालचे एक क्रमांकाचे कार्ड उत्तम श्रेणीत असेल तर त्याला बरी किंमत येते, बाकीची मुलांना खेळायला द्यावीत.

प्रश्न : मला गुंतवणूक करायची नाही, पण खेळाचा इतिहास हातात धरता यावा अशी फार इच्छा आहे. वर्षाला हजारेक डॉलर खर्च करू शकतो. श्रेणी दिलेलीच कार्डे घ्यावीत का, आणि कोणाची? (शिकागो)

उत्तर : आपण ज्या क्रमाने प्रश्न लिहिले आहेत त्याच्या उलट क्रमाने विचार करावा. आधी खेळाडू, मग कार्ड, आणि सर्वांत शेवटी श्रेणी.

श्रेणी देणाऱ्या कंपन्या, म्हणजे पीएसए, एसजीसी आणि बेकेट, चार गोष्टी पाहतात : चित्र चारी बाजूंनी मधोमध छापले गेले आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. यांपैकी पहिली गोष्ट पूर्णपणे छापखान्याच्या हाती असते. मूळ मालकाने कार्ड कितीही जपले तरी यंत्रावर ताव सरकला असेल तर त्याची श्रेणी घसरते. तज्ज्ञांनाही आठ आणि नऊ यांतील फरक भिंगाखालीच दिसतो, पण बाजारात त्या फरकाला प्रचंड मोल आहे. मँटल यांच्या 1952 च्या कार्डाची नऊ श्रेणीची प्रत जानेवारी 2021 मध्ये 52 लाख डॉलरना गेली, आणि एक श्रेणीची प्रत त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास मिळते. दोन्हींवर चित्र तेच, छपाई तीच, वर्ष तेच. ज्याला गुंतवणूक करायची नाही त्याने वरच्या अंकासाठी एक डॉलरही जास्त मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोपरे झिजलेले, कोणा मुलाच्या खिशात वावरलेले, पण कोठेही कापाकापी न केलेले कार्ड घ्यावे. अशा कार्डाकडे लबाडांचे लक्षही कमी असते, कारण कडा कापण्याचा, कोपरे रंगवण्याचा आणि दुमडी दाबून घालवण्याचा उद्योग मधल्या श्रेणीचे कार्ड वर ढकलण्यासाठीच चालतो. म्हणून डबी हवी ती कार्ड अस्सल आहे व त्यात फेरफार नाही एवढी खात्री व्हावी यासाठी. शंभर डॉलरखालील कार्डासाठी श्रेणीकरणाचा खर्च बहुधा परवडत नाही, ते विश्वासू विक्रेत्याकडून उघडेच घ्यावे.

आपल्या रकमेत काय बसेल? टी 206 मधील फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूचे झिजलेले कार्ड शंभर डॉलरच्या आत मिळते. दीड इंचाहूनही अरुंद असलेले हे कार्ड शिळाछापाचे आहे. आपल्याकडे रविवर्मा प्रेसची जुनी चित्रे ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना रंगावर रंग चढवत नेण्याची ही रीत लगेच ओळखू येईल. त्याच संचात टाय कॉब या थोर फलंदाजाची चार कार्डे आहेत, पण त्यांतील सर्वांत थकलेले कार्डही आपल्या रकमेत मिळणे अवघड आहे. बेब रूथ यांची गाउडी या गम कंपनीच्या 1933 च्या संचातही चार कार्डे आहेत, पण ती त्याहून दूरची.

थोर खेळाडूच हवे असतील तर 1960 च्या दशकातील टॉप्सकडे वळावे. विली मेज आणि हँक अॅरन यांची त्या दशकाच्या उत्तरार्धातील झिजलेली कार्डे आजही शंभर डॉलरच्या आत मिळतात. सँडी कोफॅक्स यांचे 1966 चे कार्ड मला विशेष आवडते, कारण त्या हंगामानंतर हाताच्या दुखण्यामुळे तो अजिंक्य पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. रॉबर्टो क्लेमेंटे यांची कार्डे एका रांगेत लावून पाहावीत. पोर्तो रिकोच्या या खेळाडूला टॉप्सने 1957 पासून 1969 पर्यंत ‘बॉब’ करून टाकले होते, जे त्यांना स्वतःला आवडत नसे. 1970 पासून कार्डावर पुन्हा ‘रॉबर्टो’ आले. 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणाऱ्या विमानाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला, आणि तरीही 1973 च्या संचात त्यांचे कार्ड निघाले. ते स्वस्त आहे. असे पाच-सहा तुकडे एका मोठ्या कार्डापेक्षा इतिहास अधिक दाखवतात.

भाव पाहताना विक्रेता काय मागतो ते पाहू नये, प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते पाहावे. आणि पुढे कधी विकायची वेळ आलीच तर लक्षात असू द्यावे की, वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर अमेरिकेचा केंद्रीय कर 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शेअरसाठीची कमाल मर्यादा त्याहून कमी आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत जॅकी रॉबिन्सन यांच्याविषयी प्रकल्प होता, तेव्हापासून आम्ही दोघी कृष्णवर्णीय खेळाडूंची जुनी कार्डे शोधत आहोत. रॉबिन्सन सापडतात, पण जॉश गिब्सन का सापडत नाहीत? (अटलांटा)

उत्तर : कारण त्यांची कार्डे त्यांच्या हयातीत अमेरिकेत कोणी छापलीच नाहीत म्हणावे लागेल. सिगारेट आणि गमच्या कंपन्या मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे, खेळाडू छापत, आणि मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. गिब्सन कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगमधील सर्वांत मोठे फलंदाज होते. जानेवारी 1947 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीन महिन्यांनी, 15 एप्रिल रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले. गिब्सन यांचे प्रसिद्ध कार्ड पोर्तो रिकोत 1950-51 च्या हंगामात निघालेल्या ‘टोलेटेरोस’ संचातील आहे, तेही मृत्यूनंतरचे. तिकडील हिवाळी लीगमध्ये ते खेळले होते. ते कार्ड इतके दुर्मीळ आहे की आपण त्याचे छायाचित्र पाहूनच समाधान मानावे. मे 2024 मध्ये मेजर लीगने नीग्रो लीगची आकडेवारी आपल्या नोंदींत सामावून घेतली, तेव्हा कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन .372 सह टाय कॉब यांच्या पुढे गेले. ज्याची चार-चार कार्डे एका संचात छापली गेली त्या कॉबच्या पुढे, ज्याचे हयातीत अमेरिकेत एकही छापले नाही तो.

सॅचेल पेज यांना थोडा तरी न्याय मिळाला. 1948 साली, बेचाळिसाव्या वर्षी, ते क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये आले. लीफ कंपनीचे त्यांचे आठ क्रमांकाचे कार्ड कमी छापले गेल्याने फार महाग आहे, पण 1953 च्या टॉप्स संचातील कार्ड त्या मानाने आवाक्यातले आहे. त्यावर त्यांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एल’ जास्त पडला आहे, ती चूक कंपनीने सुधारली नाही; आपल्या मुलीला ती शोधायला सांगावी. रॉबिन्सन यांचे लीफ कंपनीचे 79 क्रमांकाचे कार्ड सर्वांना हवे असते. त्याऐवजी 1956 चे टॉप्स पाहावे. त्या आडव्या कार्डावर रंगवलेल्या चेहऱ्याशेजारी रॉबिन्सन मैदानात खेळतानाही दिसतात, आणि खेळाडू म्हणून टॉप्सने काढलेले ते त्यांचे शेवटचे कार्ड आहे.

प्रश्न : मुलाने त्याच्या संग्रहातील तीस-चाळीस कार्डे आमच्याकडे ठेवायला दिली आहेत. पावसाळ्यात त्यांचे काय करावे? लॅमिनेट करून घेतली तर चालतील का? (ठाणे)

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नये. आपल्याकडे गुणपत्रिकेपासून देवाच्या फोटोपर्यंत सर्व काही लॅमिनेट करण्याची सवय आहे, पण कार्ड एकदा त्या गरम प्लास्टिकमध्ये गेले की ते पुन्हा बाहेर काढता येत नाही आणि त्याची किंमत तेथेच संपते. प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या मऊ पिशवीत आणि मग कडक प्लास्टिकच्या खोळीत ठेवावे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, उग्र वासाची पीव्हीसीची पाने वापरू नयेत. रबर बँड लावू नये. सर्व कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुड्या महिन्यातून एकदा बदलाव्यात. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, कारण ओल तेथूनच येते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याचा मोहही टाळावा, त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडून चिकटते. श्रेणीच्या सीलबंद डब्यांमधील कार्डे सुरक्षित आहेत असे समजू नये, कारण त्या डब्या हवाबंद नसतात. तीही त्याच डब्यात ठेवावीत.